सीमापार जलव्यवस्थापन

सीमापार जलव्यवस्थापन : एकाहून अधिक सत्तांच्या हद्दीत असलेल्या नद्या, सरोवरे, खाड्या व भूजल यांची वाटणी, वापर आणि राखण यांसाठी ठरवलेले नियम व यंत्रणा. ही संज्ञा देशादेशांतील पाण्यासाठी रूढ असली, तरी राज्ये, जिल्हे आणि महापालिका यांच्या हद्दी ओलांडणाऱ्या पाण्याचे प्रश्नही याच जातीचे असतात. ठाणे आणि नवी मुंबईचे पाणी हे त्याचे हाताशी असलेले उदाहरण.

आंतरराष्ट्रीय कायदा मुख्यतः दोन तत्त्वांवर उभा आहे : पाण्याचा समन्यायी व वाजवी वापर, आणि दुसऱ्या काठाला मोठी इजा न करणे. १९६६ च्या हेल्सिंकी नियमांत समन्यायी वाटपाची मांडणी झाली. १९९२ चा युरोपीय जलकरार २०१६ पासून इतर खंडांतील देशांनाही खुला झाला. संयुक्त राष्ट्रांचा १९९७ चा करार २०१४ मध्ये अमलात आला. त्यावरील मतदानात भारत तटस्थ राहिला होता. भारताची भिस्त द्विपक्षीय करारांवर आहे : पाकिस्तानशी १९६० चा सिंधू करार (एप्रिल २०२५ पासून भारताने स्थगित ठेवलेला) आणि बांगलादेशाशी १९९६ चा गंगा करार. राज्याराज्यांतील तंटे संविधानाच्या अनुच्छेद २६२ खाली केलेल्या १९५६ च्या कायद्यानुसार लवादाकडे जातात. त्याच वर्षी नदी मंडळांचाही कायदा झाला. पण त्याखाली एकही मंडळ स्थापन झालेले नाही. तंटा उभा राहिल्यावर निवाडा करण्याची सोय झाली, तंटा होऊ नये म्हणून एकत्र बसण्याची मात्र राहून गेली.

उल्हास नदी रायगड जिल्ह्यात घाटाखाली सुरू होऊन कर्जत, बदलापूर, उल्हासनगर, कल्याणवरून ठाण्याकडे येते. तिच्या उन्हाळी प्रवाहाचे मूळ मात्र घाटावर आहे. मावळात अडवलेले आंद्रा नदीचे पाणी भिवपुरीच्या टाटा वीजगृहात वीज निर्माण करून उल्हासात सोडले जाते. आंद्रा भीमेच्या खोऱ्यातली. म्हणजे बंगालच्या उपसागराला मिळायचे पाणी कोकणात उतरून कल्याण-ठाण्याच्या नळाला येते. भीमा कृष्णेला मिळते, म्हणूनच असे पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर कृष्णेच्या पाणीवाटपाचा तंटा सोडवणाऱ्या कृष्णा लवादाने मर्यादा घातली. महाराष्ट्र-कर्नाटक-आंध्राच्या भांडणातला हा तपशील कल्याणजवळच्या शहाडच्या उपसा केंद्राशी इतका जवळून जोडलेला आहे, हे ठाणेकरांना सहसा माहीत नसते.

याच शहाडवरून ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदर या महापालिका आणि ठाणे जिल्हा परिषद ‘स्टेम’ या सामाईक संस्थेमार्फत पाणी घेतात. चार स्थानिक संस्थांनी एकत्र पाणी उचलण्याची ही व्यवस्था चांगली आहे. पण ती उपशापुरतीच. वरच्या गावांचे सांडपाणी कोणी आणि किती शुद्ध करून सोडायचे, हे ठरवणारी सर्वांची अशी यंत्रणा नाही. दर उन्हाळ्यात नदीवर पसरणारी जलपर्णी त्याचीच खूण आहे. अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिराशेजारून वाहणारी वालधुनी तर कारखान्यांच्या व वस्त्यांच्या सांडपाण्याने नाला होऊन बसली आहे.

धरणांची गोष्ट वेगळी. नवी मुंबई महापालिकेचे स्वतःचे मोरबे धरण शेजारच्या रायगड जिल्ह्यात, खालापूर तालुक्यात धावरी नदीवर आहे. भातसा धरण शहापूर तालुक्यात, आणि त्याच्या पाण्याचा मोठा ग्राहक मुंबई. त्याच शहापुरातील अनेक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. समन्यायी वाटपाचे तत्त्व खरे मानायचे, तर पहिला हक्क धरणाच्या काठावरच्या या गावांचा आहे.

ठाणे खाडीच्या पश्चिमेला मुंबई व ठाणे, पूर्वेला नवी मुंबई. तिन्ही शहरांचे पाणी तिच्यात उतरते आणि भरतीबरोबर दोन्ही काठांवर फिरते. २०१५ मध्ये येथे फ्लेमिंगो अभयारण्य घोषित झाले आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. सामाईक पाणथळीबाबत देशांनी एकमेकांशी सल्लामसलत करावी, असे १९७१ च्या रामसर कराराचे पाचवे कलम सांगते. एका खाडीकाठच्या तीन महापालिकांना ते लागू होत नाही. चेंदणी कोळीवाड्यातल्या मच्छीमाराने घटलेल्या मासळीची तक्रार घेऊन जायचे, तर दारे मात्र तीन आहेत.