मुलाला ऑनलाइन त्रास होतोय? तक्रार कुठे करायची, काय सोबत न्यायचं

सातवीतल्या एका मुलाच्या आईने फोन माझ्यापुढे धरला, तेव्हा त्यात दाखवण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मुलाच्या चेहऱ्याचे स्टिकर, खाली शिव्या. संतापून तिने सगळं पुसून टाकलं होतं. कुठल्याही आईचा हात तिकडेच जाईल. सुदैवाने ग्रुपमधल्या दुसऱ्या मुलाच्या पालकांकडे ते सगळं शाबूत होतं. तुमच्याकडून असं झालं असेल, तर आधी तिथे विचारा.

ब्लॉक करण्याआधी पुरावा जपा. स्क्रीनशॉटमध्ये तारीख, वेळ दिसू द्या. नंबर सेव्ह असेल तर फक्त नाव दिसतं, म्हणून नावावर टॅप करून नंबरचा वेगळा स्क्रीनशॉट घ्या. इन्स्टाग्रामवर एकाच नावाची कितीतरी खाती असतात. प्रोफाइलची आणि पोस्टची लिंक कॉपी करून ठेवा. फोन रीसेट करू नका. मजकूर मुलाच्या अश्लील फोटोचा असेल, तर तो नातेवाइकांना किंवा शिक्षकांना ‘बघा काय केलंय’ म्हणून अजिबात पाठवू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब नुसार तो पुढे पाठवणं हाच गुन्हा आहे. लिंक आणि वेळ लिहून घ्या आणि फोन थेट पोलिसांना दाखवा.

तक्रार मूल, पालक, शिक्षक, कुणीही करू शकतं. लैंगिक स्वरूपाचा प्रकार असेल तर पोक्सो कायद्याच्या (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) कलम १९ नुसार माहिती असणाऱ्याने कळवणं बंधनकारकच आहे, शाळेनेसुद्धा. ऑनलाइन तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर होते. तिथे महिला व मुलांसाठी वेगळा विभाग आहे. तक्रारीचा पाठपुरावा करायचा असेल तर मोबाइल नंबरवर ओटीपी घेऊन नोंदणी करा आणि मिळालेला पोचक्रमांक जपा. पोलीस ठाण्यात जाताना पालकांचं ओळखपत्र, मुलाच्या वयाचा दाखला, स्क्रीनशॉटच्या छापील प्रती आणि तारीखवार लिहिलेला अर्ज न्या. हद्दीचं कारण सांगून परत पाठवलं, तर ‘झिरो एफआयआर’ मागा, म्हणजे हद्द कुठलीही असली तरी त्याच ठाण्यात गुन्हा नोंदवून घेणं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ती तरतूद आहे. पोक्सोच्या प्रकरणात मुलाचा जबाब घरी घेता येतो आणि घेणारा अधिकारी गणवेशात नसावा लागतो. हे आधीच सांगून ठेवलं की मूल निम्मं सावरतं.

त्रास देणाराही बहुतेकदा वर्गमित्रच असतो. तो अठराखालचा असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं. गुन्हा अतिगंभीर नसेल आणि सोबत कुणी प्रौढ नसेल, तर पोलीस एफआयआरऐवजी ठाणे दैनंदिनीत (पोलीस ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीत) नोंद घेतात. तक्रार दाबली असं समजू नका, पण नोंदीचा क्रमांक घेतल्याशिवाय उठू नका.

शाळेला लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख घ्या. तोंडी सांगितलेलं हवेत विरतं. शाळेतल्या सखी सावित्री समितीपुढे (मुलांच्या सुरक्षिततेसाठीची समिती) विषय ठेवण्याची मागणी अर्जातच करा.

मुलांसाठी १०९८ हा मोफत नंबर चोवीस तास चालू असतो; मन फार खचलं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं. फोन लावण्याआधी मुलाला विचारा, बोलताना तुम्ही शेजारी बसलेलं चालेल का.