सॉर्प २०२६ : धर्मादाय संस्थांची पूर्वतयारी

ब्रिटनमधील धर्मादाय संस्थांनी हिशेब आणि विश्वस्तांचा वार्षिक अहवाल कसा मांडावा, हे ठरवणारी नियमावली म्हणजे सॉर्प. पहिली सॉर्प १९८८ मध्ये निघाली. सॉर्प ज्यावर आधारलेली आहे त्या एफआरएस १०२ या लेखामानकात २०२४ साली बदल झाले, त्यामुळे ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी आवृत्ती आली. १ जानेवारी २०२६ पासून पुढे सुरू होणाऱ्या हिशेबी वर्षांना ती लागू आहे. केवळ रोख जमा-खर्च मांडणाऱ्या लहान संस्था तिच्या कक्षेबाहेर राहतात. उरलेल्यांचे वार्षिक उत्पन्नानुसार तीन स्तर केले आहेत : ५ लाख पौंडांपर्यंत, तेथून दीड कोटी पौंडांपर्यंत आणि त्याहून मोठ्या.

हिशेबात सर्वांत जड बदल भाडेपट्ट्यांचा आहे. पूर्वी जागेचे भाडे बहुधा खर्चात पडून संपे. आता जागा वापरण्याचा हक्क मालमत्ता म्हणून आणि पुढील हप्ते देणे म्हणून ताळेबंदात येतात. बारा महिन्यांपर्यंतचे आणि किरकोळ किमतीच्या वस्तूंचे भाडेपट्टे वगळता येतात. कर्ज देताना बँक ताळेबंद पाहते, म्हणून विश्वस्तांना हा बदल आधीच समजलेला बरा. पहिले काम करारनामे शोधण्याचे : तोंडी ठरलेली किंवा नाममात्र भाड्याची जागा येथेच अडचण करते.

स्वयंसेवकांचा भाग मात्र हिशेबनिसावर सोपवून भागत नाही. सामान्य स्वयंसेवकांच्या वेळेचे मोल खात्रीने ठरवता येत नाही, म्हणून ते उत्पन्नात धरायचे नसते. वकील किंवा हिशेबतज्ज्ञ आपली व्यावसायिक सेवा फुकट देतो, तेव्हा ती धरतात. परिणामी, अन्नवाटप केंद्र ज्यांच्या जिवावर चालते त्यांचे श्रम आकड्यांत दिसतच नाहीत. ही उणीव अहवालाने भरून काढायची असते : स्वयंसेवक काय करतात, कामाचा आवाका किती, त्यांच्याविना काय थांबेल. दुकानात, वाहनावर, दूरध्वनीवर कोण किती वेळ होते याची साधी नोंदवही वर्षारंभापासून ठेवली तरच हे खरेपणाने लिहिता येते. वर्षअखेरीस आठवून लिहिलेले मजकूर पोकळ निघतात. नोंद ठेवताना स्वयंसेवकांवर हजेरीचा जाच होऊ नये, हेही तितकेच महत्त्वाचे.

मदतीसाठी स्वयंसेवी संस्थांची संघटना एनसीव्हीओ आणि धर्मादाय संस्थांच्या अर्थव्यवहारात मार्गदर्शन करणारा चॅरिटी फायनान्स ग्रुप या संस्था आहेत. खजिनदार, स्वयंसेवक-समन्वयक आणि हिशेब तपासणारे परीक्षक यांनी वर्ष सुरू होण्याआधीच एकत्र बसावे.