ऑनलाईन आरपीजीमधला व्हिलन: आजचे नियम आले कुठून

कुठल्याही रोलप्ले सर्व्हरवर, म्हणजे जिथे लोक एकेक कॅरेक्टर घेऊन त्याच्यासारखं बोलतात-वागतात अशा ऑनलाईन गेममध्ये, व्हिलन खेळायचा म्हटलं की आधी नियमांची लांबलचक यादी वाचावी लागते, आणि नवीन माणूस वैतागतो की अरे मी वाईट कॅरेक्टर घेतलंय तर मला वाईट वागू द्या ना. पण त्या यादीतल्या जवळपास प्रत्येक ओळीमागे कुणीतरी कधीतरी घातलेला गोंधळ आहे.

सगळ्याचं मूळ कागद आणि फाशांच्या खेळात. १९७४ च्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये कॅरेक्टरच्या वृत्तीचे तीनच प्रकार होते, लॉ, न्यूट्रल आणि केऑस. पुढच्याच वर्षी 'ब्लॅकमूर' पुरवणीत असॅसिन म्हणजे मारेकरी हा क्लास (कॅरेक्टरचा पेशा) खेळाडूंच्या हातात आला, आणि १९७८ च्या प्लेअर्स हँडबुकपर्यंत गुड-ईव्हिल धरून नऊ खाने पक्के झाले. म्हणजे 'ईव्हिल' ही कॅरेक्टरच्या माहितीच्या कागदावर लिहायची गोष्ट झाली. पण तिथे सगळे एकाच टेबलाभोवती बसलेले असायचे, मित्राच्या कॅरेक्टरच्या पाठीत सुरा खुपसला तर रात्री त्याच मित्राबरोबर घरी जायचं, त्यामुळे आपोआप लगाम राहायचा. ऑनलाईन आल्यावर पहिल्यांदा हाच लगाम सुटला.

१९७८ मध्येच एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी मड नावाचा अनेकांनी एकत्र खेळायचा गेम बनवला, सगळा टेक्स्टमध्ये. त्यात दुसऱ्या खेळाडूला लढाईत मारलं तर त्याचं कॅरेक्टर कायमचं जायचं. याच बार्टलने १९९६ मध्ये खेळाडूंचे चार प्रकार मांडले, त्यातला चौथा 'किलर', ज्याला दुसऱ्यावर सत्ता गाजवण्यातच मजा येते. लोक इथे घोळ करतात. किलर आणि व्हिलन एक नाहीत. किलरला समोर चिडणारा माणूस हवा असतो, व्हिलन खेळणाऱ्याला समोर चांगला सीन हवा असतो, आणि बाहेरून बघणाऱ्याला दोघं सेम टू सेम दिसतात हीच तर खरी डोकेदुखी.

१९९३ मध्ये लॅम्डामू नावाच्या टेक्स्ट दुनियेत मिस्टर बंगल नावाच्या कॅरेक्टरने जे केलं त्यावर खूप लिहून आलंय. त्याच्याकडे असा एक प्रोग्रॅम होता की तो काय टाईप करेल ते दुसऱ्याच कॅरेक्टरने केलंय असं सगळ्यांच्या स्क्रीनवर दिसायचं, आणि ते वापरून त्याने भर हॉलमध्ये लोकांच्या कॅरेक्टर्सवर लैंगिक अत्याचाराचे प्रसंग लिहिले. मजा अशी की तिथल्या अ‍ॅडमिन लोकांनी, म्हणजे विझर्ड्सनी, थोडंच आधी सांगून टाकलं होतं की आम्ही सामाजिक भानगडीत पडणार नाही. लोकांची मोठी बैठक झाली, निर्णय काहीच झाला नाही, आणि शेवटी एका विझर्डने स्वतःच्या जबाबदारीवर त्याला उडवला. नंतर तिथे याचिका आणि मतदानाची पद्धत आली. माझ्या मते यातली कळीची गोष्ट ही की बंगल क्रूर होता एवढंच नव्हे, त्याने समोरच्याचं कॅरेक्टर त्याच्या हातातून काढून घेतलं. आज सगळीकडे दिसणारा 'दुसऱ्याच्या कॅरेक्टरने काय केलं हे तू लिहायचं नाही' हा नियम नेमका याच दुखण्यावरचा आहे.

मग १९९७ ला अल्टिमा ऑनलाईन हा गेम. बीटा, म्हणजे बाजारात येण्याआधीची चाचणी, चालू असतानाच एका चोर कॅरेक्टरने लॉर्ड ब्रिटिशला, म्हणजे गेमचा निर्माता रिचर्ड गॅरियट स्वतः खेळत होता त्या राजाला, चोरलेल्या स्क्रोलने जाळून मारलं, कारण राजाचं अमरपण सर्व्हर पडल्यावर परत चालू करायचं राहून गेलं होतं! गेम बाजारात आल्यावर शहरात गार्ड असायचे पण जंगलात कुणीही कुणालाही मारून लुटायचं, आणि नवीन लोक पाय ठेवताच लुटले जायचे. मग खुनांची मोजणी आली, पाच झाले की नाव लाल आणि गार्डवाल्या शहरात यायची सोय बंद. त्याच जंगलात शॅडोक्लॅनसारखे ऑर्क गटही होते, ते आपली मोडकीतोडकी ऑर्क भाषा बोलायचे, वाट अडवून खंडणी मागायचे. असा गट आडवा आला तर निदान एक किस्सा हाती लागायचा, नुसत्या लाल नाववाल्याकडून मात्र फक्त प्रेत. पण सिस्टिमला हा फरक कसा कळणार? २००० मध्ये कंपनीने जगाच्या दोन प्रती केल्या, ट्रॅमेलमध्ये मर्जीविरुद्ध मारामारी बंद आणि फेलुकामध्ये जुनं तसंच चालू, आणि गर्दी ट्रॅमेलकडे सरकली. सुक्याबरोबर ओलंही जळतं ते असं.

ईव्ह ऑनलाईन या अंतराळातल्या गेमने २००३ पासून उलटा रस्ता धरला, गेमच्या आत फसवणूक चालते. २००५ मध्ये गायडिंग हँड सोशल क्लब नावाच्या भाडोत्री टोळीने साधारण वर्षभर एका कॉर्पोरेशनमध्ये, म्हणजे खेळाडूंच्याच एका गटात, आपली माणसं पेरून मग एका दिवसात तिची तिजोरी साफ केली आणि प्रमुखाचं जहाज उडवलं, कंपनीने हस्तक्षेप केला नाही. त्याच वर्षी सिटी ऑफ व्हिलन्स आला, तिथे सगळेच व्हिलन, पण लुटायच्या बँकाही गेमच्या आणि वरून हुकूम देणारा लॉर्ड रिक्लूसही गेमचाच, त्यामुळे सुपरव्हिलन होऊनही हरकाम्यासारखं वाटायचं. २०१२ च्या ३० नोव्हेंबरला तो बंद झाला.

आताचा जीटीए रोलप्ले बघा. फाईव्हएम या जीटीएच्या मॉडवर चालणाऱ्या बहुतेक सर्व्हरवर गुन्हेगार खेळायला पूर्ण मुभा, पण कारण नसताना गोळी घातली तर तो आरडीएम (रँडम डेथमॅच) म्हणून नियमभंग, तुझ्यावर बंदूक रोखली तर घाबरल्यासारखं वागायलाच हवं, आणि मेल्यावर कुणी मारलं ते विसरायचं. जुन्या मश, म्हणजे टेक्स्टवाल्या रोलप्ले सर्व्हर्सवरून आलेलं एक तत्त्वही अजून टिकून आहे, कॅरेक्टरने जे केलं त्याचे परिणाम कॅरेक्टरने भोगायचे. बऱ्याच ठिकाणी दुसऱ्याचं कॅरेक्टर कायमचं मारायचं तर आधी ओओसीमध्ये, म्हणजे कॅरेक्टरच्या बाहेर येऊन खेळाडू म्हणून, त्याची परवानगी घ्यावी लागते, आणि ती मागायला गेलं की समोरचा पहिलं हेच विचारतो, मग तुझं पण पणाला लावतोस का?