पातीवर नाव कोणाचं?

तीन-साडेतीन इंचांची, न मिटणारी पात, हातानं घडवलेली मूठ आणि कमरेला किंवा खिशात बसेल असं म्यान. अशी सुरी रोज जवळ बाळगण्याची आवड गेल्या वीस-पंचवीस वर्षांत अमेरिकेत आणि युरोपात खूप वाढली. तिकडे या प्रकाराला 'एव्हरीडे कॅरी' किंवा आद्याक्षरांनी 'ईडीसी' म्हणतात. काम साधंच असतं: दोरी कापायची, खोकं उघडायचं, फळ चिरायचं, काडी तासायची. तरीही कारागीर एकेका आकारावर महिनोन्‌महिने खपतात आणि शेवटी त्या आकाराला नाव देतात. हे नाव देणं मला पातीला पाणी देण्याइतकंच, म्हणजे पोलाद तापवून त्याचा कडकपणा ठरवण्याइतकंच, महत्त्वाचं वाटतं. सुरीला नाव कोणाचं मिळालं हे पाहत गेलं की तिचा आकार कुणी, कशासाठी ठरवला हेही कळत जातं.

जिथं अशी सुरी खरोखर रोजच्या जगण्याचा भाग होती, तिथं तिला वेगळं नाव लागतच नव्हतं. फिनलंडच्या 'पूक्को'चं नाव 'पू' म्हणजे लाकूड या शब्दावरून आलं. पात साधारण तळहाताच्या रुंदीएवढी लांब, पाठ सरळ, मूठ बर्चच्या लाकडाची किंवा सालीची, आणि चामड्याचं म्यान इतकं खोल की अर्धीअधिक मूठही आत जाते. वेगळेपणा सांगायचाच झाला तर गावावरून सांगत: काउहावाची, हार्माची. स्वीडनमधल्या मोरा गावाच्या परिसरात सुऱ्या इतक्या बनल्या की गावाचं नाव हेच सुरीचं नाव झालं. आपल्या कोकणातही कमरेच्या आकडीत कोयती अडकवून माडावर चढणाऱ्याला त्या कोयतीला नाव द्यायची कधी गरज पडली नाही. ती कोयती, एवढं पुरे.

सुरीला माणसाचं नाव चिकटण्याची सर्वांत गाजलेली गोष्ट अमेरिकेतली, आणि तिची सुरुवात मारामारीत आहे. 19 सप्टेंबर 1827 रोजी मिसिसिपी नदीत, नॅचेझ शहराजवळच्या वाळूच्या बेटावर एक द्वंद्वयुद्ध ठरलं होतं. ते दोघे एकमेकांना इजा न करता थांबले, पण सोबत आलेल्या माणसांत हाणामारी जुंपली. त्यात जिम बोवी नावाच्या माणसानं गोळ्या आणि वार खाऊनही मोठ्या सुरीनं एकाला ठार केलं. वर्तमानपत्रांनी ही हकीकत देशभर नेली. 1836 मध्ये तोच बोवी टेक्सासमधल्या अलामोच्या लढाईत मारला गेला आणि 'बोवी नाइफ' हे नाव कायमचं रुजलं. इंग्लंडमधल्या शेफील्डचे कारखानदार अमेरिकन बाजारासाठी बोवी सुऱ्या बनवून जहाजानं पाठवू लागले.

1838 मध्ये जिमचा भाऊ रेझिन यानं वर्तमानपत्राला एक पत्र लिहिलं. पहिली सुरी आपण लुइझियानात शिकारीसाठी बनवली होती, असं त्यानं त्यात सांगितलं. पात सव्वानऊ इंच लांब, दीड इंच रुंद, एकाच बाजूला धार आणि वाक अजिबात नाही. म्हणजे पुढं लोकांनी डोळ्यांसमोर आणलेली ती वळलेल्या टोकाची, आडव्या पितळी मुठपट्टीची सुरी नाहीच. खाटकाच्या सुरीच्या जवळची एक साधी वस्तू. पण त्या पत्राकडं कोण पाहतं? नाव एकदा मोठं झालं की आकारही त्याच्या मागं वाढत जातो. त्याच वर्षी टेनेसी राज्यानं 'बोवी नाइफ' आणि 'आर्कन्सॉ टूथपिक' (लांब दुधारी खंजिराचं टोपणनाव) यांच्या विक्रीवर आणि वापरावर बंदी घातली. कायद्याला वस्तूची ओळख तिच्या टोपणनावानं करून द्यावी लागली, इतकं ते नाव पक्कं झालं होतं.

जाता जाता आपल्याकडचं सांगतो. भारतातल्या शस्त्र नियमांत 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पातीचं धारदार हत्यार परवान्याच्या कक्षेत येतं. घरकाम, शेती, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामाची अवजारं त्यातून वगळली आहेत. रेझिनची सुरी या मर्यादेच्या पाव इंच वर जाते. रोजच्या वापराची तीन इंची सुरी या मापापासून फार दूर आहे. तरी पोलिसांचे स्थानिक शस्त्रबंदीचे आदेश निघतात तेव्हा सुरी बाळगण्यावरही बंधन येऊ शकतं, हे अशी सुरी जवळ ठेवणाऱ्यानं लक्षात ठेवावं.

बोवीच्या मोठेपणाला पहिला नेमका विरोध केला तो जंगलात राहणाऱ्या, लिहिणाऱ्या माणसांनी. जॉर्ज वॉशिंग्टन सिअर्स हा पेनसिल्व्हेनियातला किरकोळ शरीरयष्टीचा माणूस 'नेसमक' या नावानं शिकारीच्या साप्ताहिकात लिहीत असे. लहानपणी ज्या मूलनिवासी माणसानं त्याला रान शिकवलं, त्याचं हे नाव. 1883 मध्ये त्यानं न्यूयॉर्क राज्यातल्या ॲडिरॉन्डॅक डोंगरांमधल्या तळ्यांमधून एकट्यानं प्रवास केला तो साडेदहा पौंडांच्या होडीतून. होडीतसुद्धा पौंड मोजणारा हा माणूस कमरेला लोखंडाचं ओझं कशाला वाहील? पुढच्या वर्षीच्या पुस्तकात त्यानं दुकानांत मिळणाऱ्या जाडजूड शिकारी सुऱ्यांना दिसायला भयंकर आणि कामाला कुचकामी ठरवलं. स्वतःजवळ तो तीन हत्यारं ठेवी: छोटी दुधारी कुऱ्हाड, पातळ पातीची म्यानातली सुरी आणि मिटणारा चाकू. पुस्तकातल्या चित्रात त्या सुरीची पाठ टोकाआधी किंचित उचललेली दिसते. आज हातानं सुऱ्या बनवणारे या आकाराला 'नेसमक'च म्हणतात. शिकवणाऱ्याचं नाव शिष्यानं घेतलं आणि शिष्याकडून ते सुरीला लागलं.

माझ्या मते रोजच्या सुरीच्या रचनेचं सर्वांत चांगलं वर्णन मात्र होरेस केफार्टचं आहे. सेंट लुइसच्या ग्रंथालयातली नोकरी सुटल्यावर 1904 मध्ये तो नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरांत जाऊन राहिला आणि 1906 मध्ये त्याचं रानातल्या मुक्कामावरचं पुस्तक आलं. चांभाराच्या रापीपासून ते मॅचेटी या लांब कोयत्यापर्यंत जवळजवळ सगळं वापरून पाहिलं, ऑर्डर देऊन सुऱ्या बनवून घेतल्या, असं तो सांगतो. शेवटी मनात राहिली ती एका खेड्यातल्या लोहारानं बनवलेली सुरी. दिसायला अगदी ओबडधोबड, पण इतर वीसेक सुऱ्यांपेक्षा प्रिय.

तिची मापं त्यानं दिली आहेत आणि ती आजही कुणीही समोर ठेवून सुरी घडवू शकेल अशी आहेत. पात साडेचार इंच, मूठही साडेचार इंच. पात एक इंच रुंद, पाठीशी एक अष्टमांश इंच जाड. पातीचं पोलाद मुठीतून थेट शेवटपर्यंत गेलेलं आणि रिव्हेटनं जखडलेलं. मूठ हलक्या पण टणक लाकडाची, आडवा छेद लंबगोल, हाताला फोड येईल अशी कुठं कड नाही. धारेच्या बाजूला बोट घसरू नये म्हणून छोटासा उंचवटा, पाठीच्या बाजूला काहीच नाही. कारण अंगठा पाठीवर टेकवायचा असतो. आणि पाणी दिलेलं असं की ओलं कठीण लाकूड कापलं जावं, पण गाठ किंवा हाड लागलं तर धारेची खपली उडण्याऐवजी ती थोडी वळावी. मग दगडावर दोन हात मारले की झालं.

हे शेवटचं वाक्य मला फार मोलाचं वाटतं. पाणी देताना जास्त कडक केलं तर पात ठिसूळ होते, कडकपणा जास्त उतरवला तर धार टिकत नाही. यांच्या मधला बिंदू कुठं धरायचा हे सुरी कुणाच्या हातात, कुठं राहणार यावर ठरतं. रानात चुलीजवळ बसलेल्या माणसाला धार लावता येते, तुटलेली धार भरून काढता येत नाही. केफार्टच्या लोहाराला हे ठाऊक होतं. पुढं पेनसिल्व्हेनियातल्या कोलक्लेसर बंधूंनी त्या धर्तीच्या सुऱ्या बनवल्या, आणि आज 'केफार्ट' हे नाव अनेक कारागिरांच्या यादीत असतं.

विसाव्या शतकात नावाची बाजू बदलली. बाळगणाऱ्याऐवजी बनवणाऱ्याचं नाव पुढं आलं. मिशिगनमधला विल्यम स्केगल हरणाची शिंगं आणि चामड्याच्या चकत्या रचून सुऱ्यांच्या मुठी करत असे. 1930च्या दशकात बो रँडल या तरुणानं मिशिगनमधल्या एका तळ्याकाठी पाहिलं, की एक माणूस सुरीनं होडीचा जुना रंग खरवडतोय आणि धारेला काही होत नाही. ती सुरी स्केगलची निघाली. रँडलनं ती विकत घेतली आणि 1937 पासून फ्लोरिडात स्वतः सुऱ्या बनवू लागला. त्याच्या सुऱ्यांना नाव म्हणजे क्रमांक: मॉडेल 1, मॉडेल 3. दुसऱ्या महायुद्धात मॉडेल 1 सैनिकांच्या कमरेला पोचली.

त्याच सुऱ्यांची मागणी इतकी वाढली की 1950च्या दशकात न्यूयॉर्कच्या एका मोठ्या दुकानात रॉबर्ट लव्हलेस या खलाशाला रँडलची सुरी घ्यायची, तर कित्येक महिने थांबा असं सांगितलं गेलं. त्यानं भंगारातल्या पॅकार्ड मोटारीच्या स्प्रिंगचं पोलाद घेतलं, आपल्याच जहाजावर तापवलं आणि स्वतःची सुरी बनवली. आपल्याकडचे लोहार मोटारीच्या कमानपाट्यातून कोयते घडवतात, तीच वाट. पुढं त्याच दुकानात लव्हलेसच्या सुऱ्या विकल्या जाऊ लागल्या, 'डेलावेअर मेड' या नावानं. कारण तेव्हा तो डेलावेअर राज्यात राहत होता. इंग्रजीत 'मेड' म्हणजे कुमारिका आणि 'बनवलेली' अशा दोन्ही अर्थांचा नाद त्या नावात ऐकू येतो.

लव्हलेसचं खरं काम आकारात आहे. 'ड्रॉप पॉइंट' हा आकार त्यानं रूढ केला: पाठ टोकाकडं हळूच उतरते आणि टोक सुरीच्या मध्यरेषेजवळ येतं. शिकार सोलताना टोक आतल्या आतड्यात घुसत नाही, टोकाला पुरेसं पोलादही राहतं, आणि धारेचा पोटाचा भाग मोठा मिळतो. बोवीच्या वर उचललेल्या टोकाच्या हे नेमकं उलटं. मुठीत जाणारं पोलाद त्यानं मागं निमुळतं करत नेलं, म्हणजे वजन पुढं-मागं तोललं जाईल. आज रोजच्या वापरासाठी घडवल्या जाणाऱ्या छोट्या सुऱ्यांपैकी अनेक याच निर्णयांवर उभ्या आहेत. 1970 मध्ये अमेरिकन कारागिरांनी 'नाइफमेकर्स गिल्ड' स्थापली, त्यात तो आघाडीवर होता. 2010 मध्ये तो कॅलिफोर्नियात वारला.

या इतिहासातलं एक नाव मात्र दख्खनच्या माणसाला खटकावं. 1973 मध्ये विल्यम मोरन या अमेरिकन कारागिरानं गिल्डच्या प्रदर्शनात पोलादाचे थर एकमेकांत ठोकून बनवलेल्या लाटांच्या पाती मांडल्या आणि 'दमास्कस' हा, सीरियातल्या बाजारपेठेच्या शहराचं नाव असलेला शब्द पुन्हा बाजारात आला. त्या नावाची मूळ कीर्ती ज्या पोलादानं मिळवली ते मुशीत वितळवलेलं उक्कू पोलाद होतं. ते दक्षिण भारतात आणि दख्खनमध्ये बनत असे. आजच्या तेलंगणातलं कोनसमुद्रम त्यासाठी प्रसिद्ध होतं. नाव मात्र बाजारपेठेचं राहिलं, भट्टीचं नाही.

आजचा कारागीर पुठ्ठ्याची किंवा लाकडाची प्रतिकृती करून आधी मुठीत हात बसतो का ते पाहतो, मग पातीकडं वळतो. मुठीला तीन बोटं पुरतात की चार, हा पहिला प्रश्न. खिशात मावायचं असेल तर तीन. म्यान चामड्याचं किंवा कायडेक्स या साच्यात वळवायच्या प्लास्टिकचं, जे 1960च्या दशकात मुळात विमानांच्या आतल्या भागांसाठी आलं. नाव शेवटी येतं, आणि ते बहुतेकदा पातीवर कोरतही नाहीत. कोरतात ती कारागिराची स्वतःची मुद्रा, मुठीच्या लगत, धार सुरू होण्याआधी. 'केफार्ट' धर्तीची सुरी घेणारा ती केफार्ट म्हणूनच मागतो आणि तिच्यावर नाव सापडतं ते घडवणाऱ्याचं. केफार्टच्या मूळ सुरीचा लोहार त्या पुस्तकात 'खेड्यातला एक लोहार' एवढाच आहे.