मेटलसाठी ट्यूब अ‍ॅम्प : पैसे कुठे वाचवावेत आणि कुठे नाही

"दादा, जुना मार्शल काही परवडत नाही. स्वस्तातल्या ट्यूब अ‍ॅम्पवर मेटल वाजेल का?" हेवी मेटल वाजवणाऱ्या पोरांचा हा प्रश्न सोलापुरातल्या आमच्या दुकानात सारखा येतो. ट्यूब अ‍ॅम्प म्हणजे काचेच्या ट्यूबवर, व्हॉल्व्हवर, चालणारा गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर. उत्तर आहे, वाजेल. मात्र घेताना कशाकडे बघायचं ते आधी माहीत हवं, म्हणून हे पत्रक काढलं आहे.

आधी क्लासिक म्हणजे काय ते बघू. मेटलच्या आवाजाची दोन घराणी आहेत असं आम्ही मानतो. पहिलं १९८१ साली आलेल्या मार्शल जेसीएम८०० चं. आजच्या मानाने त्याचा गेन, म्हणजे आवाज फाटवण्याची ताकद, बेताचाच. त्याची खरी गुरगुर ऐकायची तर मास्टर व्हॉल्यूम वर न्यावा लागतो, कारण शेवटी ताकद देणाऱ्या मोठ्या ईएल३४ ट्यूब तापून काम करू लागल्यावरच तो आवाज भरतो. दुसरं घराणं १९९२ च्या पीव्ही ५१५० चं. गिटारवादक एडी व्हॅन हॅलनसोबत बनवलेला हा अ‍ॅम्प, पुढे तोच ६५०५ या नावाने विकला गेला. यात १२एएक्स७ जातीच्या पाच छोट्या ट्यूब आहेत आणि बहुतेक विकृती, म्हणजे डिस्टॉर्शन, तिथेच तयार होतं. मेसा बूगीचा ड्युअल रेक्टिफायरही साधारण त्याच काळातला आणि त्याच वळणाचा.

हा फरक नीट लक्षात घ्या, कारण स्वस्त अ‍ॅम्पचं गणित इथेच सुटतं. छोट्या ट्यूबमध्ये बनणारा आवाज कमी वॅटच्या, कमी किमतीच्या डब्यातही बऱ्यापैकी उतरतो. जेसीएम८०० चा रंग मात्र हळू आवाजात, छोट्या अ‍ॅम्पवर मिळवणं अवघड. तुमचे कान कुठल्या घराण्याकडे ओढ घेतात ते ठरवा, मग किमती विचारा.

मग स्वस्तात जातं काय? ट्रान्सफॉर्मर. छपाईचं सर्किट आहे म्हणून अ‍ॅम्प हलका, असं बरेच जण सांगतात. पण जेसीएम८०० आणि ५१५० सुद्धा छापील बोर्डावरच आहेत. वजन ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडात असतं. ट्यूब आणि स्पीकर यांच्यामधला आउटपुट ट्रान्सफॉर्मर लहान असला की खालचे सूर त्याला पेलत नाहीत. जाड तार तळहाताने दाबून छुग-छुग वाजवली की प्रत्येक ठोका वेगळा ऐकू यायला हवा. लहान ट्रान्सफॉर्मरवर ते ठोके एकमेकांत मिसळतात. ड्रॉप डी मध्ये, म्हणजे सर्वांत जाड तार सैल करून डी सुरावर आणली की, ती ७३ हर्ट्‌झपर्यंत उतरते, तिथे हे लगेच उघडं पडतं.

खोक्यावरचा 'ट्यूब' हा शब्दही नीट वाचा. ऑरेंज मायक्रो टेरर किंवा जोयोचे छोटे हेड (हेड म्हणजे स्पीकर नसलेला नुसता अ‍ॅम्प) यांत एकच ट्यूब आहे, तीही सुरुवातीच्या भागात. ताकद देणारा भाग ट्रान्झिस्टरचा. सरावाला ते छान आहेत, आम्ही स्वतः विकतो. पण पूर्ण ट्यूबचा अ‍ॅम्प हवा असेल तर पीव्ही ६५०५ चा २० वॅटचा छोटा हेड, मार्शल डीएसएल२० किंवा त्या पंक्तीतलं काही ऐकून बघा.

आता आमचं ठाम मत. हेडमध्ये पैसे वाचवा, स्पीकरमध्ये वाचवू नका.

मागच्या दिवाळीत इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी आपला २० वॅटचा हेड घेऊन आला. "यात दम नाही, विकायचाय" म्हणाला. घरी तो आठ इंची स्पीकरच्या छोट्या पेटीवर वाजवत होता. आम्ही तोच हेड, नॉब न हलवता, दुकानातल्या पाठ बंद असलेल्या कॅबिनेटला जोडला. आत सेलेस्चनचा बारा इंची व्हिंटेज ३० स्पीकर. त्याने जाड तार दाबून पहिला ठोका दिला आणि काउंटरवरचा स्क्रूड्रायव्हर थरथरत सरकला. पोराने हातातला चहा खाली ठेवला आणि पुन्हा तोच ठोका मारला. हेड विकला नाही. कॅबिनेट घेऊन गेला.

वॅटच्या मागे लागू नका. १०० आणि ५० वॅटमध्ये फरक फक्त ३ डेसिबलचा. ड्रमसोबत वाजवायला २० वॅट ट्यूब पुरते. जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमध्ये तर एक वॅटही शेजाऱ्यांना ऐकू जातो.

दोन्ही घराण्यांच्या अ‍ॅम्पना एक जुनी युक्ती लागू पडते. पुढे ट्यूब स्क्रीमर जातीचा ओव्हरड्राइव्ह पेडल लावा, ड्राइव्ह जवळपास शून्य, लेव्हल भरपूर. हा पेडल खालचे सूर आधीच छाटतो, त्यामुळे अ‍ॅम्पमध्ये चिखल होत नाही आणि ठोका आवळून येतो. मग अ‍ॅम्पचा गेन पाच-सहावर आणा, दहावर नको. आणि मिड, म्हणजे मधल्या सुरांचा नॉब, शून्यावर नेऊ नका. एकट्याने खोलीत वाजवताना तो पोकळ आवाज भारी वाटतो, पण बँडमध्ये बास आणि झांजांखाली गिटार गडप होते.

जुना क्लासिक सेकंडहँड घेणाऱ्यांसाठी कळकळीने सांगतो. अमेरिकेतून आलेला अ‍ॅम्प १२० व्होल्टचा असतो, आपल्याकडे २३०. आमच्याकडे असा एक हेड आला होता. विकणाऱ्याने "इथे चालतो" असं सांगितलेलं, घेणाऱ्याने सरळ भिंतीत खुपसला. आम्ही उघडला तेव्हा वार्निश जळाल्याचा वास आणि काळा पडलेला ट्रान्सफॉर्मर. मागचं लेबल वाचा, २३० चे १२० व्होल्ट करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावा. शिवाय ऐंशीच्या दशकातल्या अ‍ॅम्पचे फिल्टर कपॅसिटर, म्हणजे आत विजेचा साठा करणारे भाग, बहुधा बदलावे लागतात. तो खर्च किमतीत धरा. सर्किट असलेला धातूचा डबा, म्हणजे चॅसी, घरी उघडू नका, बंद अ‍ॅम्पमध्येही ४०० व्होल्टच्या वर साठा राहू शकतो.

स्पीकर न जोडता ट्यूब अ‍ॅम्प कधीही चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. स्पीकरला स्पीकरचीच केबल, गिटारची नाही. ओहमचा, म्हणजे विद्युत रोधाचा, आकडा अ‍ॅम्प आणि स्पीकर दोन्हीकडे जुळवा.

सोलापूरची आणखी एक गोष्ट. शहराच्या पूर्व भागातून येणाऱ्या अ‍ॅम्पमध्ये यंत्रमागांवरचे कापसाचे बारीक तंतू ट्यूबच्या सॉकेटभोवती गोधडीसारखे जमलेले आम्ही पाहतो. त्यात मे महिन्यातली उष्णता. अ‍ॅम्प भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा, वर चादर घालायची तर पूर्ण थंड झाल्यावरच, आणि वर्षातून एकदा साफ करून घ्या. मोठ्या ट्यूब बदलल्यावर जेसीएम८०० सारख्या हेडचा बायस, म्हणजे त्या ट्यूबमधला विजेचा प्रवाह, लावावा लागतो. छोट्या १२एएक्स७ तुम्ही स्वतः बदलू शकता, अ‍ॅम्प बंद आणि थंड असताना.

ऐकायला येताना आपली गिटार आणि आपला पेडल घेऊन या. दुपारी चारनंतर गर्दी होते, सकाळी आलात तर दोन्ही घराण्यांचे हेड एकाच कॅबिनेटवर, एकाच आवाजावर आलटून-पालटून लावून देतो.