बूट आधी उलटा करून बघा

राजगडाच्या चोर दरवाजाखाली, कातळटप्पा जेमतेम दहा मिनिटांवर असताना, माझ्या उजव्या बुटाचा तळ सुटला. झिजून नव्हे, शिळ्या भाकरीसारखा तुकडे पडून. बूट पाच-सहा ट्रेकचेच, बाकी चार वर्षं माळ्यावर. खोट तिथेच होती. तळातला मधला मऊ थर बऱ्याच बुटांत पॉलीयुरेथेनचा असतो आणि हवेतली वाफ त्याच्या रेणूंच्या साखळ्या हळूहळू तोडत राहते. बूट वापरा न वापरा, दमट हवेत हे चालूच. म्हणून जुने बूट काढलेत तर निघण्याआधी तो थर अंगठ्याने दाबून पाहा. भुगा पडला, भेग दिसली, तर ते घरीच ठेवा.

मी सॅकच्या दोरीने बूट बांधून खाली उतरलो. तेव्हापासून दुकानात बूट आधी उलटा करतो.

रबर खडकाला दोन तऱ्हांनी धरतं. कोरड्या बसाल्टला त्याचे रेणू चिकटतात. शिवाय खडकाच्या बारीक उंचवट्यांवर ते दबतं आणि पुन्हा फुगताना थोडी ऊर्जा खर्ची पडते. त्याचाही रोध मिळतो. पावसात मध्ये पाण्याचा पापुद्रा आला की पहिली पकड बरीचशी जाते, भिस्त दुसरीवर. म्हणून कातळासाठी मऊ रबर आणि भरपूर टेकणारा सपाट तळ. शेवाळावर मात्र रबर खडकापर्यंत पोचतच नाही. तिथे महागडा बूटही घसरतो.

चिखल आणि घसारा, म्हणजे सुट्या माती-खड्यांचा उतार, यांचं गणित उलटं. तिथे मातीत रुतणारे उंच दाते हवेत, आणि ते विरळ, नाहीतर चिखल भरून तळ गुळगुळीत होतो. अशा दात्यांचा रबरी तळ इटलीच्या व्हिताले ब्रामानीने १९३७ मध्ये आणला. त्याआधी दोन वर्षं आल्प्समध्ये त्याचे सहा सोबती दगावले होते, आणि त्याचा काही दोष अपुऱ्या बुटांना दिला गेला. गिर्यारोहक त्या काळी बुटांना खिळे ठोकत.

घसाऱ्याच्या उतरणीला बोटांपुढे अंगठाभर जागा लागते, नाहीतर नखं काळी पडतात. पाय दिवसभरात सुजतात, म्हणून खरेदी संध्याकाळी, ट्रेकचेच मोजे घालून.

आणि वॉटरप्रूफ? हिमालयातल्या बर्फात जरूर. आषाढातल्या सह्याद्रीत पाणी घोट्यावरून आत शिरतं, ते बाहेर काढायला जाळीचा बूटच बरा.