न बदलणारे हसू आणि कोकणातला उकाडा

गेल्या मे महिन्यात रायगडच्या किनाऱ्यालगतच्या एका मनोरंजन उद्यानात माझी अडीच वर्षांची भाची सहा फुटी अस्वलाला पाहून माझ्या ओढणीत तोंड खुपसून रडू लागली. "अगं, बघ तरी, हसतोय तो तुझ्याकडे," असे आजूबाजूची मंडळी तिला समजावत होती. अर्ध्या तासाने स्वच्छतागृहामागच्या फणसाखाली तेच अस्वल मला पुन्हा दिसले. डोके काढून शेजारी ठेवले होते, आतला मुलगा फार तर वीस वर्षांचा असेल, त्याचे केस कपाळाला चिकटले होते आणि तो बनियन पिळत होता. बनियनमधून पाण्याची धार लागली होती. शेजारच्या डोक्यावर मघाचेच हसू होते.

त्या दिवसापासून माझे एक मत बनले आहे आणि ते फारसे कोणाला रुचत नाही: संपूर्ण डोके झाकणारे, फरचे जाड पोशाख कोकणातल्या उद्यानांनी वापरूच नयेत. आतल्या माणसाला काय होते आहे आणि बाहेरच्या मुलाला काय वाटते आहे, या दोन्ही गोष्टी एरवी चेहऱ्यावरून कळतात आणि हा पोशाख नेमका चेहराच बंद करतो.

आधी आतल्या माणसाचे पाहू. घाम आल्याने अंग गार होत नाही, तो वाळल्याने होते. एक ग्रॅम घामाची वाफ होताना त्वचेतून सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता निघून जाते. शांत बसलेल्या माणसाच्या शरीरात साधारण १०० वॅट उष्णता तयार होते, तर नाचणाऱ्या, हात हलवणाऱ्या, मुलांना उचलून घेणाऱ्या माणसाच्या शरीरात ३०० वॅटपर्यंत. एवढी उष्णता केवळ घामावाटे घालवायची तर तासाला जवळजवळ ४५० ग्रॅम घाम वाळायला हवा. नुसता निथळून गेलेला घाम या हिशेबात धरता येत नाही. पॉलिएस्टरच्या फरखाली आणि फोमच्या डोक्यात मात्र हवा काही मिनिटांतच बाष्पाने भरून जाते, आणि दुपारी समुद्रावरून येणारा खारा वारा, जो किनाऱ्यावरच्या माणसाचा खरा आधार, तो त्वचेपर्यंत पोहोचतच नाही. उष्णता बाहेर पडण्याचे सगळे मार्ग बंद झाले असे मानले, तर साठ किलो वजनाच्या माणसाचे तापमान एका अंशाने वाढायला बाराएक मिनिटे पुरतात. प्रत्यक्षात थोडी उष्णता निसटत राहते, म्हणून वेळ जास्त लागतो, पण तापमान वरच चढत जाते.

यावर "विदर्भात तर चव्वेचाळीस अंश असते, आपल्याकडे चौतीसच" असे उत्तर हमखास मिळते. कोकणातल्या कोणत्याही घरातला माठ या उत्तरातली चूक दाखवून देईल. नागपुरात मे महिन्यात माठातले पाणी गारेगार होते आणि रत्नागिरीत ते जेमतेम निवते, कारण माठही पाणी झिरपवून, वाळवूनच गार होत असतो आणि दमट हवेत वाळणे मंदावते. तापमापकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून वारा दिला की जो आकडा मिळतो त्याला वेट बल्ब तापमान म्हणतात. माठ किंवा घामेजलेले अंग किती गार होऊ शकेल, याचे ते माप आहे. चव्वेचाळीस अंश आणि पंधरा टक्के आर्द्रता असताना ते २३ च्या आसपास असते, तर चौतीस अंश आणि पासष्ट टक्के आर्द्रता असताना साडेअठ्ठावीसच्या जवळ जाते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठाच्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, हलक्या कपड्यांत अगदी बेताची हालचाल करणाऱ्या निरोगी तरुणांनाही दमट हवेत वेट बल्ब तापमान ३१ अंशांच्या आसपास पोहोचताच शरीराचे तापमान स्थिर राखणे जमेनासे झाले. आपला किनारा त्या मर्यादेपासून फार दूर नाही, आणि पोशाखाच्या आत तर ती कधीच ओलांडली गेलेली असते.

डोक्यात छोटा पंखा बसवला तरी तो बाहेरची दमट हवाच आत ओढतो. बर्फाचे जाकीट थोडे अधिक कामाचे. पण एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता घेतो, म्हणजे ३०० वॅटच्या हिशेबाने अठरा-एकोणीस मिनिटांची सोय. पोशाखी पात्रांची ही पद्धत १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात डिस्नीलँड सुरू झाले तेव्हापासून रूढ होत गेली. तिथला उन्हाळा आपल्यापेक्षा कितीतरी कोरडा असतो, हे आपण ती पद्धत उचलताना विचारातच घेतले नाही.

आता मुलांकडे वळू. मोठे डोके, मोठे डोळे, गुबगुबीत गाल पाहिले की माणसाला माया वाटते, हे प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक कोनराड लोरेन्त्स यांनी १९४३ मध्ये मांडले आणि ही पात्रे त्याच ठोकताळ्यावर बेतलेली असतात. पण ती माया बाळाच्या आकाराच्या प्राण्याबद्दल वाटते. तेच डोके दोन हात रुंद होऊन, सहा फुटांवरून अंगावर वाकले, तर ती तशीच टिकेल असे मानण्याचे मला काही कारण दिसत नाही. शिवाय लहान मूल समोरच्याचा बदलता चेहरा वाचत असते. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांच्या १९७० च्या दशकातील प्रयोगांत आईने दोन-तीन मिनिटे चेहरा निर्विकार ठेवला, की काही महिन्यांची बाळे आधी तिला हसवू पाहत आणि मग कासावीस होऊन मान फिरवीत.

आणि आत माणूस आहे, हे मुलाला कळते असे तरी आपण कशावरून धरतो? बालमानसशास्त्राच्या अभ्यासक रीटा डीव्हरीज यांनी १९६९ मध्ये तीन ते सहा वर्षांच्या मुलांसमोर एका खऱ्या मांजराला कुत्र्याचा मुखवटा घातला. मुखवटा चढवताना मांजराचा मागचा भाग मुलांना दिसत होता, तरी तीन वर्षांच्या अनेक मुलांनी मांजराचे आता कुत्रे झाले असे मानले. सहा वर्षांची मुले सहसा फसली नाहीत. म्हणून अडीच वर्षांच्या मुलीचे रडणे हा हट्ट नव्हे. तिला उचलून अस्वलाच्या कडेवर देणे आणि मोबाइलने फोटो काढणे ही मला आपली चूक वाटते.

मुखवटा आपल्याला परका आहे, असे मात्र मी म्हणत नाही. दशावतारात नट आपलाच चेहरा रंगवतो, त्यामुळे भुवई उडते, डोळे फिरतात, आणि खेळही बहुधा थंडीतल्या जत्रांना, रात्री रंगतो. शिमग्यातला संकासुर तर काळ्या कपड्यातला, टोकदार टोपीचा, पांढऱ्या दाढीचा, मुलांना पळवून लावणारा. त्यालाही उकडते, पण तो थांबू शकतो. यंदा गुहागरला आमच्या खळ्यात तो आला तेव्हा भाची आधी माझ्यामागे लपली. नाचून झाल्यावर तो ओटीच्या पायरीवर बसला, त्याने मुखवटा कपाळावर सरकवला आणि तांब्याभर पाणी मागितले. त्याच्या लालबुंद, घामेजलेल्या चेहऱ्याकडे ती बराच वेळ पाहत राहिली. "दमलास?" तिने विचारले. त्याने पाणी पितापिताच मान हलवली, तशी ती पुढे झाली आणि त्याच्या कमरेचे घुंगरू तिने बोटाने वाजवून पाहिले.